टाकीची किल्ली

४ मार्च
धाकटी जाऊ परत बिल्डिंगची सेक्रेटरी होणार म्हणे. सलग तिसरं वर्ष. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची किल्ली तिच्या कमरेला. पाणी कमी आलं की लोक माझ्या दारावरून तिच्या दारात जातात. मला हेवाबिवा नाही. फक्त जिना चढताना ती किल्ली मुद्दाम वाजवते, एवढंच.

५ मार्च
कॉलेजात वर्गाबाहेरची लादी पुसत होते. आत सर राज्यशास्त्र शिकवत होते. म्हणाले, कुठंही जा, राज्य मूठभरच करतात, बाकीचे माना हलवतात. आणि गर्दीत शिरलं की माणसाचं डोकं बंद पडतं. लादी दोनदा पुसली. सरांना आमची बिल्डिंग कशी ठाऊक?

७ मार्च
ठरलं. मी उभी राहणार. मूठभरांचं राज्य बुडवणार. हे म्हणाले, तुला पाण्याचं दुःख नाही, तुझी बेल कुणी वाजवत नाही त्याचं आहे. नवरा म्हणजे पण गर्दीच. डोकं बंद.

११ मार्च
प्रचार. शिलाईवाली म्हणाली, काकू, तुम्हीच हव्यात. ड्रायव्हर म्हणाला, बदल पाहिजेच. दोघंही धाकटीकडचा चहा पिऊन उतरत होते, ते सोडा. चोवीस घरं. सतरा माझी. कमीत कमी.

१३ मार्च
सरांना विचारलं, मूठभरांना हटवलं की पुढं काय? म्हणाले, मावशी, दुसरे मूठभर येतात. मग चांगलंच आहे की. मूठ माझी.

१५ मार्च, दुपार
संध्याकाळी मीटिंग. हात वर करून मत द्यायचं. भाषण पाठ. कपड्यांना इस्त्री.

१५ मार्च, मीटिंगनंतर
झालं ते सरळ लिहिते. धाकटीचं नाव आधी घेतलं. शिलाईवालीचा हात वर. ड्रायव्हरचा वर. ह्यांचा वर, ते घरात बघून घेईन. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. खांदा सकाळपासून आखडला होता. मोकळा करायला म्हणून हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, एकमताने! हात खाली येईस्तोवर टाळ्या पण झाल्या. माझं नाव घ्यायची वेळच आली नाही. खांद्याला तेल लावलं.

१६ मार्च
धाकटी स्वतः माझ्या दारात! म्हणाली, ताई, पहाटे पाचला टाकी सोडायला तुमच्याइतकं भरवशाचं कुणी नाही. किल्ली दिली. म्हणजे आले की नाही मूठभरांत? तेसुद्धा निवडून न येता.

१७ मार्च
पाचला चार जिने चढले. किल्ली वाजवत, मुद्दाम. ऐकायला कुणी जागं नव्हतं. धाकटीच्या दाराआड घोरणं.
साडेसहाला तिनं किल्ली परत नेली. दिवसा सेक्रेटरीकडेच लागते म्हणे.
सातला लोक आले. आज पाणी जोरात आलं म्हणून आभार मानायला. मी दार उघडून जिन्यातच उभी होते.
ड्रायव्हर म्हणाला, काकू, जरा बाजूला व्हा. सेक्रेटरीबाई उठल्या का?