भुऱ्याची तालीम

८ जानेवारी १९७९

कापूस विकला गेला. खोली रिकामी झाली आणि भुऱ्याची पंचाईत! दिवाळीपासून कुत्रा त्या ढिगावरच झोपायचा. आता तिथे पद्माची खाट पडणार. धाकट्या जावेचं पहिलंच बाळंतपण, पण तिला आई नाही. म्हणून माहेरी न जाता इथेच, देवळी गावात, सासरी.

जेवताना सासूबाईंनी विषय काढला. घरात लेकरू येणार, कुत्रं नको. बाप होणार म्हणून अच्युतभाऊजी लगेच तयार – म्हणे जाम गावच्या ढाब्यावर सोडू, ट्रकवाले पोसतात. आमचे हे शाळेत पोरांवर ओरडतात, घरी मुकाट वरण ओरपत बसले. शेवटी मीच बोलले. महिनाभर द्या, वळण लावते त्याला.

"पाहू," सासूबाई म्हणाल्या. "पण लेकराच्या अंगावर गेला त त्याच दिवशी घराबाहेर."

लग्नाला नऊ वर्षं झाली. त्यातली सात भुऱ्या सोबत आहे. तो नसता तर या घरात दिवसभर मी कोणाशी बोलले असते?

११ जानेवारी

उंबऱ्याबाहेर बसायला शिकवतेय. बसतो. पाठ फिरली की आत!

१५ जानेवारी

शेजारच्या माणिकचं पोरगं चार महिन्यांचं. त्याचं ओलं दुपटं मागून आणलं. ती हसली, पण दिलं. भुऱ्याला हुंगायला द्यायचं, वर भाकरीचा तुकडा. चार वेळा शहाण्यासारखा वागला. पाचव्यांदा दुपटं तोंडात धरून पसार – परसात पुरून आला! मेल्याला बडवावंसं वाटलं. तीनदा धुऊन परत केलं.

२२ जानेवारी

धुरपता सुईण पद्माला बघून गेली. बाळ-बाळंतिणीला सकाळ-संध्याकाळ ओवा-शेपांची धुरी द्यायची म्हणाली. धूर दिसला की भुऱ्या भुंकून घर डोक्यावर घेतो. म्हणून आजपासूनच रिकाम्या खोलीत धुरी सुरू केली.

सासूबाई आल्याच. "काऊन धुरी देऊन राह्यली वं?" खरं ते सांगितलं. कपाळावर हात मारून गेल्या.

३ फेब्रुवारी

पाळणा टांगला. जुन्या लुगड्याचं बोचकं आत ठेवून झोके दिले. रडायचा आवाजही मीच काढला. भुऱ्या उंबऱ्याबाहेर कान टवकारून बसलेला, जागचा हलला नाही. मग मी गाणं म्हणायला लागले. किती वेळ, कोण जाणे. मान वळवली तर हे दारात उभे. वाटलं, हसतील. हसले नाहीत. सायकल फिरवून पुन्हा बाहेर गेले.

राग आला. कोणाचा, ते ठरेना. दोन भाकरी करपल्या.

९ फेब्रुवारी

पद्माचे दिवस भरलेत. ती मजेत चिंचा खाते, जीव थाऱ्यावर नाही तो माझा. भुऱ्या चावला तर? नाही चावणार. पण चावला तर?

१४ फेब्रुवारी

मुलगा! पहाटेच.

पहिलं रडणं ऐकून भुऱ्या ताडकन उठला. अंगभर थरथरला. माझ्याकडे पाहिलं – आणि बसला. बसला! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१७ फेब्रुवारी

दुपारी खिडकीतून बोका शिरत होता. भुऱ्याने असा हाकलला की बाळ जागंसुद्धा झालं नाही. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "राहू दे त्याले आतच. राखण करते." जामचं नाव आता कोणी काढत नाही. जिंकले मी!

कामाने मात्र पिट्टा पाडलाय. पाणी तापवा, लाडू वळा. खोलीपाशी गेले की कोणी ना कोणी हातातलं घेऊन जातं, त्यामुळे बाळाला अजून धड पाहिलंसुद्धा नाही. उद्या पाचवी. उद्या घेईन.

१८ फेब्रुवारी

माझ्या लग्नातल्या साडीचं झबलं शिवलं होतं. ते ताटात घेऊन निघाले. उंबऱ्यातच सासूबाईंनी ताट माझ्या हातून घेतलं. आवाज मऊच होता.

"तू बाहेरच थांब. तुह्या पोटी काई नाई, लेकराले नजर लागते."

पद्मा खाली बघत राहिली. दीड महिना मी कुत्र्यासाठी भांडत होते. माझं काय ठरलंय ते मला कोणी सांगितलंच नव्हतं.

भुऱ्या आत, खाटेखाली होता. मला पाहून त्याने शेपटी हलवली. मी हाक मारली नाही.