भोवरा कोणत्या बाजूने फिरतो

मी, दिवाकर गणपतराव धकाते, वय ५७, धंदा मोटर वाइंडिंग, राहणार महाल, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, चष्मा लावून आणि कोणीही भरीस न घालता लिहीत आहे.

१. घर व बँकेतील ठेव पत्नी प्रेमलता हिची. माझ्या दुर्बिणीपायी तिने गच्चीवर पापड वाळवणे सोडले. आता खुशाल वाळवावेत.

२. दुकानातील यंत्रे व हत्यारे कारागीर बाबूलाल याला. मोजमापाचा व्हर्नियर कॅलिपर मात्र माझ्या मेहुण्याच्या हाती पडू नये. एकदा त्याने तो पाना समजून नट आवळला आहे.

३. दुर्बीण, कॅमेरा व दीर्घिकांची सर्व छायाचित्रे कन्या मयुरा हिला. ती घेईल याची खात्री नाही. कारण लिहितो.

सप्तर्षींच्या शेपटीजवळची भोवरा दीर्घिका आम्ही बापलेकीने पारशिवनीच्या अंधारात बसून टिपली. मयुराच्या सासरी, सावनेरला, नवे घर झाले तेव्हा ते छायाचित्र फ्रेम करून नेले. भोवऱ्याचा फेर घड्याळाच्या उलट दिसतो हे पाहून विहीणबाई तुळजाबाई म्हणाल्या, "घरात उलटी प्रदक्षिणा? नाही बा, मी नाही लावू देत."

मी ते परत आणले आणि डावे-उजवे पालटून दुसरे छापले. गुंडाळी उलटी बसली की मोटर उलटी फिरते, म्हणून कारागिरांना झापणारा मी! ते दिवाणखान्यात लागले. वास्तुशांतीला मयुरा सर्वांदेखत म्हणाली, "बाबा, ही आरशातली काहून आणली? आपली अशी नाही नं."

मी म्हणालो, "तुले काय समजते त्यातलं? चूप बस."

पंगत हसली. ती चूप बसली, ती तेव्हापासून गच्चीवर चढलेली नाही. हे लिहिताना माझी मान वर होत नाही.

~~४. माझ्या पश्चात ते चित्र उतरवून खरे लावावे, आणि मयुरा बरोबर होती, मी खोटा होतो, हे तेराव्याला तुळजाबाईंसमोर वाचून दाखवावे.~~

हे कलम मयुराला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, "मरायची वाट काहून पाहून राहिले तुम्ही? ह्या रविवारी या नं. सारे घरीच आहेत."

सबब कलम ४ खोडले आहे. खाडाखोड माझीच, बाजूला सही केली आहे. ते काम मयताच्या हातचे नाही. रविवारी सावनेरला जातो आहे.

दिवाकर ग. धकाते (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. अंकित बारापात्रे (सही)
२. स्वानंद हेडाऊ (सही)

नागपूर, ११ फेब्रुवारी २०२५