तिसरी ओळ, चौथी कबर

बाबा, तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलोय. फार उशीर झाला, रागावू नका. काम अडलं नसतं तर आजही लिहिलं नसतं, हे तुम्ही ओळखलंच असेल.

तुम्ही जन्मभर राखलेल्या कबरस्तानाची यादी रविवारी चर्चच्या दाराशी लावायची आहे. जागा संपत आलीय, म्हणून कमिटीनं ठरवलंय की ज्या कबरीवर दगड नाही आणि यादीत नाव नाही, ती जागा रिकामी धरायची. तुमच्यावर दगड नाही. म्हणून यादीचं काम मी मागून घेतलं. सेक्रेटरी हसले, "काका, तुमी सातवी नापास. कॉम्प्युटरवर जमंल का?" मी म्हटलं, "जमवतो." तेव्हापासून जेवण गोड लागत नाही, पण मागं हटलो नाही.

तुमच्या कबरींच्या वहीत होतं तसंच कॉम्प्युटरच्या तक्त्यात लिहीत गेलो. आधी ओळ, मग छोटी रेघ, मग कबर. ३-४ म्हणजे तिसऱ्या ओळीतली चौथी. लिहून पुढं गेलो की तिथं तीन एप्रिल उमटायचं. पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा तीन एप्रिल. वाटलं, आपलंच बोट चुकतंय. दोन दिवसांत निम्मीअधिक माणसं तारखांमध्ये पुरली गेली. सून नागापूरच्या कंपनीतून दमून आली, पडद्याकडं बघून हसायलाच लागली. "पप्पा, मेलेल्यांना कोर्टाच्या तारखा देताय व्हय?" मग खुर्ची ओढून बसली. "आधी सगळा रकाना निवडायचा, फॉरमॅट सेल्समध्ये टेक्स्ट करायचं, आणि मगच लिहायचं. आधी लिहून मागनं केलं तर भलताच आकडा येतो." लिहिलेल्यावरच करून बघितलं, तसा तो आलाही. सगळा रकाना पुसला आणि वही मांडीवर घेऊन पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला.

छापायला गेलो तर शेवटचा रकाना वेगळ्याच कागदावर. नावं एकीकडं, जागा दुसरीकडं. कागद आडवा केला, सगळे रकाने एका पानात बसवले, तरी अक्षर मुंगीएवढं. म्हणून चारी बाजूंच्या कडा काढून टाकायला निघालो आणि हात थांबला. मी लहान, चुलीपाशी तुम्ही पाटावर वहीची सुटी पानं ठेवून फूटपट्टीनं रेघा मारताय, मी नावं लिहितोय, पार कडेपर्यंत. तुम्ही पान टरकन फाडता. "कड सोड की लेका! वही शिवताना सुई माणसाच्या नावातनं जाईल." मी रडत पुन्हा लिहितो. आता डावीकडं दोन बोटं कड सोडलीय. नको ते दोन रकाने काढले, अक्षर वाचता येतंय.

एक ओळ तेवढी राहिलीय. वहीत तुमची नोंद नाही. ती मला करायची होती. त्या दिवशी तुम्हाला माती देऊन आलो, वही खुंटीला अडकवली आणि पुन्हा काढलीच नाही. सुनेला, कमिटीला ठासून सांगितलंय, तिसरी ओळ, चौथी कबर. खरं म्हणजे चौथी की पाचवी, मला आठवत नाही. तुमच्या कबरीपाशी खुणेचा कडुलिंब होता, तोही कधीच तोडला गेला. चुकलो तर पाचवी रिकामी धरतील, आणि कुदळ तुमच्यावर पडेल.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तुमच्याच वहीत ठेवतो. यादी शनिवारी छापायची आहे. चौथी की पाचवी, तेवढं त्याच्या आत कळवा.