नर्मदाकाकीचे जोडलेले हात

४ नोव्हेंबर
राजवाड्यात नोकरी! विजयदुर्गहून आलेली मी आता इथल्या संग्रहालयाची मार्गदर्शक. पाहुण्यांना दरबार, पालख्या, राणीसाहेबांचा महाल दाखवायचा. पहिल्याच दिवशी नर्मदाकाकीशी गट्टी जमली. तीस वर्षं ती इथे झाडते-पुसते. कुठली फरशी निसरडी, कुठल्या खिडकीत वारा बरा, सगळं तिनेच सांगितलं. दुपारी आपल्या डब्यातलं सुक्या सुंगटांचं किसमूर, कोळंबीची ती खोबरं घातलेली कोशिंबीर, माझ्या भाकरीवर वाढलं.

११ नोव्हेंबर
महाल रिकामा होता. आईला फोटो पाठवावा म्हणून कपाटातली राणीसाहेबांची बिलोरी अत्तरदाणी काढून हातात धरली. निसटली. फुटली.
संग्रहालयाच्या व्यवस्थापक साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, आत काकी झाडत होती. तोंडून गेलं खरं. शब्द मागे घेता आला असता. घेतला नाही.
काकी माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली. "बाय, मी हात लावूक नाय गो. तू सांग मा सायबांका." मी मोबाइलमध्ये बघत राहिले.
संध्याकाळी तिला काढलं.

२१ नोव्हेंबर
काकी गेली. पहारेकरी बाबू म्हणाला, काम सुटल्यापासून धड जेवली नव्हती. मी मयताला गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

२५ नोव्हेंबर
भर दुपारी, महालात. बांद्याहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, तुमच्या मागे त्या म्हाताऱ्या बाई हात जोडून का उभ्या आहेत? वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

२६ नोव्हेंबर
आज तिघांनी विचारलं. एका लहान मुलीने तिला उलट नमस्कारही केला. मला दिसत नाही. मानेवर श्वास तेवढा—

२८ नोव्हेंबर
दिसली. दाराशी. ओठ हलतात. सांग गो, सांग—
उद्या सांगते, काकी.

२९ नोव्हेंबर
सांगितलं. सगळं.
साहेब म्हणाले, माहीत आहे. कॅमेऱ्यात त्याच दिवशी पाहिलं होतं. तुम्ही बोलता छान, पाहुणे खूश असतात. म्हातारीला तशीही काढायचीच होती. कामाला लागा.
आणि मला— बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. 'हो साहेब' म्हणाले.
काकी दाराशीच होती. तिने ऐकलं.

महालात येऊन बसले आहे. पाहुणे नाहीत. दार मी लावलं होतं. आता ते—
आत आली. हात जोडलेले नाहीत.
काकी, मी सगळ्यांना सांगते, आत्ता सांगते, मी—