पट्ट्यांखालचे प्रश्न

ता. १८ जून

ती. ताई,

सा. न. वि. वि. नमस्कार वाकूनच केलाय, पण वाकताना दातओठ खात होते, हे आधीच सांगून टाकते.

पुस्तकांचं पार्सल मिळालं. बिट्टीसाठी आठवीचा सगळा अभ्यासक्रम तू बेतून पाठवलास, धडे आखूड केलेस, कठीण शब्दांखाली सोपे शब्द लिहिलेस. तुझ्या मेहनतीला नावं ठेवेन तर माझी जीभ झडेल. पण त्या पांढऱ्या पट्ट्या कशाला गं चिकटवल्यास? पान उलटावं तिथे एक पट्टी, त्यावर तुझ्या सुरेख अक्षरात गाळलेली जागा. मला आधी वाटलं छपाईच्या चुका झाकल्यास. मग बिट्टीने एक पट्टी नखाने खरवडली. खाली होतं, किटलीजवळच्या खिडकीच्या काचेवर थेंब का जमतात? आणि वर तू लिहिलंस, थेंब ........ जमतात (काचेवर / लाकडावर).

मी सगळ्या पुस्तकांतल्या पट्ट्या उचकटून पाहिल्या. ताई, तू ‘काय’ ठेवलंस, ‘कुठे’ ठेवलंस, ‘केव्हा’ ठेवलंस, आणि ‘का’ मात्र एकूण एक झाकलेस. इतिहासात राजाने राजधानी का हलवली हे झाकून कुठे हलवली ते ठेवलंस. बिट्टीने मला विचारलं, कुठे ते कळून मी काय करू, मला सामान उचलायला जायचंय का? हसू आलं, पण डोक्यात तिडीकही गेली.

शाळेने तिला मागच्या बाकावर चित्रं रंगवायला बसवलं म्हणून मी तिला घरी आणलं, हे तुला वेगळं सांगायला नको. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात रंगीत खडू! ती वाचायला वेळ लावते, आकडे उलटे लिहिते, काल शिकलेलं आज पुन्हा शिकवावं लागतं, सगळं कबूल. म्हणून तर मी पडदे शिवता शिवता धडे मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करते आणि ती इस्त्री करताना ऐकते. एका पानावर एकच गोष्ट ठेवते. घाई करत नाही. पण तिला प्रश्न पडतात गं. तेच तू काढून घेतलेस.

पुढच्या महिन्यात शिक्षण खात्याचे तपासनीस घरी येणार आहेत. बिट्टीला घरूनच आठवीच्या परीक्षेला बसू द्यायचं, की अभ्यास बंद करून हस्तकला केंद्रात पाठवायचं, ते ठरवणार. मला झोप लागत नाही.

राग माझा असला तरी माया तुझी आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी


ता. २७ जून

चि. धाकटीस,

अ. उ. आ. आशीर्वाद तोंडभरून आहेत, पण तुझं पत्र वाचून माझ्याही अंगाचा तिळपापड झालाय.

मोतीबिंदूच्या डोळ्यांनी मी कात्री आणि डिंक घेऊन बसत होते. बोटं एकमेकांना चिकटली, जेवताना घासाला डिंकाचा वास यायचा. शेजारीण विचारायची, पतंग करताय का? आणि तुझं बक्षीस काय, तर दातओठ!

जन्मभर वर्गात उभी राहिलेय मी. ‘का’ विचारला की मागे पडणाऱ्या मुलांचे चेहरे कसे होतात ते मी पाहिलंय, तू नाही. गेल्या सुट्टीत बिट्टी माझ्याकडे होती, तेव्हा एका उदाहरणापायी तिने वही टरकावली आणि न्हाणीघरात कडी लावून रडली. मी दाराबाहेर उभी होते. तो हुंदका अजून माझ्या कानात आहे. तिला पुन्हा रडू द्यायचं नाही एवढंच ठरवून बसले होते. तिच्याने होणार नाही ते तिच्या पुढ्यात ठेवायचंच कशाला? जे जमतं ते भरभरून जमू दे, तिला वाटू दे की आपल्याला येतं.

आता माझं ऐक. मोठी आहे म्हणून हक्काने सांगते. तपासनीस येतील तेव्हा पट्ट्या होत्या तशा नीट चिकटव. गाळलेल्या जागा ती पटापट भरेल, त्यांना पोरगी हुशार वाटेल, काम होईल. तुझा ताठा त्या दिवसापुरता शिलाईच्या पेटीत ठेव.

रागावलेय तरी तुझीच आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझी ताई


ता. २१ जुलै

ती. ताई,

सा. न. वि. वि. आज नमस्कार घे आणि माझं बोलणं खाली मान घालून ऐक.

तुझं ऐकलं. शिवणाच्या टेबलावरचे पडदे उचलले, टेबलक्लॉथ घातला, पट्ट्या परत चिकटवल्या. बिट्टीने विचारलं, आपण पुस्तकाला मलमपट्टी का करतोय? मी म्हटलं, पाहुणे येणार आहेत. खोटं बोलले आणि तेही तुझ्या शिकवणीने.

तपासनीस आले. खुर्चीवर टेकायच्या आधीच घड्याळ पाहिलं. बिट्टीने गाळलेल्या जागा भरल्या, खरंच पटापट भरल्या, आणि मी मनात तुला दुवा देत होते. मग त्यांनी पुस्तक उलटसुलट केलं, तुझ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, हे कुणी बेतलं? मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या बहिणीने, ती मुख्याध्यापिका होती. ते म्हणाले, मग तर प्रश्नच मिटला. इतक्या अनुभवी बाईंनीच मुलीची पातळी ठरवून दिलीय. विचार करायचं सगळं त्यांनीच वगळलंय. हिला अभ्यासाचा ताप देऊ नका, केंद्रात मेणबत्त्या करायला पाठवा.

ताई, बिट्टी समोर बसली होती! तिच्या डोक्यावरून बोलत होते, जणू ती टेबलावरची फुलदाणी. मी सांगितलं की काचेवरच्या थेंबांसाठी ही पोरगी अख्खी दुपार किटलीचं झाकण उघडझाप करत बसली आणि शेवटी म्हणाली, वाफेला काच गार लागते म्हणून ती परत पाणी होते. पट्टीखालचा प्रश्न होता तो, मी शिकवलासुद्धा नव्हता. तपासनीस हसले. आयांना असं वाटतंच, म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली, पण चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. का सरकवला कुणास ठाऊक.

निकाल कायम झाला की पुढच्या महिन्यापासून केंद्र. बिट्टी पुस्तकंच उघडत नाही.

तुझ्यावर किती चिडलेय ते सांगून संपणार नाही. तरी लिहायला तुझ्याशिवाय मला कोण आहे?

धाकटी


ता. २९ जुलै

चि. धाकटीस,

अ. उ. आ. घाईत आहे, आशीर्वाद धावतच घे.

माझ्या पट्ट्यांना त्या माणसाने दाखला समजलं? मी पोरीच्या पायाखालचे खडे वेचले, आणि हा म्हणतो हिला चालताच येत नाही! पत्र वाचलं आणि पायात चप्पल सरकवून थेट खात्याच्या मुख्य कचेरीत गेले. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी म्हटलं, असू देत, मी बाकावर आहे. दुसऱ्या दिवशीही बाकावर. तिसऱ्या दिवशी शिपायानेच मला आत ढकललं, त्याला माझा वैताग आला होता.

मोठ्या अधिकारी बाई आहेत. त्यांना स्पष्ट सांगितलं की त्या पट्ट्या माझी भीती होती, मुलीची पातळी नव्हे. माझी अक्कल मोजायची तर मला परीक्षेला बसवा, तिचा निकाल माझ्या डिंकावरून कसा लावता? बाई कमी बोलतात. पुन्हा तपासणी घेते म्हणाल्या, त्यांच्या खोलीत, त्यांच्यासमोर, वेळेचं बंधन न ठेवता. सोमवारी अकरा वाजता या.

पट्ट्या काढ. ओल्या फडक्याने काढ, नखाने पानं फाटतात. मी तिथे मुद्दाम येत नाही, आणि तूही मध्ये बोलू नकोस, ही तुझी जुनी खोड आहे.

भांडण उरलंय, ते भेटीत पुरं करू.

तुझी ताई


ता. ६ ऑगस्ट

ती. मावशी,

शि. सा. न. आईला विचारून एवढं लिहिलं. पुढचं मी लिहिते. आई शेजारी नाही.

आम्ही कचेरीत गेलो. बाईंनी कागद दिला. गावातला पूल बंद झाला. अलीकडचे दुकानदार खूश झाले. पलीकडचे चिडले. का? मी वाचत होते. बाई गप्प होत्या. आई गप्प नव्हती. ती म्हणाली, हिला असं जमतं, हिला तसं समजवावं लागतं. मला राग आला. मी आईला सांगितलं तू बाहेर जा. बाई म्हणाल्या हो, जा. आई बाहेर गेली आणि बाकावर रडली. मला नंतर कळलं.

मला खूप वेळ लागला. बाईंचा चहा गार झाला. मग मी सांगितलं, गिऱ्हाईक अलीकडेच अडकलं म्हणून. मग मी विचारलं, पूल बंद का केला ते कागदावर का नाही? बाई म्हणाल्या त्यांना माहीत नाही. मी म्हटलं, मग तुम्हीपण शोधा.

मला परीक्षेला बसायला मिळणार. केंद्रात जायचं नाही. प्रश्न कुणीतरी वाचून दाखवेल. वेळ जास्त मिळेल. आईने सगळ्या गल्लीला सांगितलं. मला ते आवडलं नाही.

मावशी, मी तुझ्यावर चिडले आहे. आईवर पण. तुमची पत्रं कपाटावर होती. आईची कच्ची लिहिलेली पण. मी सगळी वाचली. त्याला चार दिवस लागले. सगळीकडे मीच आहे. तू लिहिलंस माझ्याने होणार नाही. आईने लिहिलं मला काय काय येत नाही. न्हाणीघरातलं रडणंसुद्धा लिहिलंस. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी तेव्हा का रडले ते तुला माहीत नाही. तू दाराबाहेर होतीस, पण विचारलं नाहीस.

लोभ ठेव. आता उत्तर आईला पाठवू नकोस, मला पाठव. त्यात मला विचार. मला लिहायला वेळ लागेल, तेवढं थांबायचं.

बिट्टी