जोत्यावरचा तिसरा माणूस

प्रिय दांडगोबा,

फोनवर बोलायला गेले की तुझे बाबा पेपर वाचण्याचं नाटक करत कान टवकारून बसतात, म्हणून हे पत्र.

वादळानं घर नेलं हे तुला माहीत आहेच. जोतं तेवढं राहिलं, आणि त्याच्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं. नवं घर बांधायचं तर पाण्यापासून ठरलेलं अंतर सोडायचं असा नियम. तेवढं सोडलं तर रस्त्यापर्यंत जी पट्टी उरते, तिच्यात फार तर कोंबड्यांचं खुराडं बसेल. म्हणून बाबा सवलतीसाठी बांधकाम खात्यात खेटे घालताहेत.

साहेब मोजणीला येणार म्हटल्यावर यांनी डोकं चालवलं. पाणी लांब दिसावं म्हणून ऐन ओहोटीला बोलावलं. पण आपण घर कसं बांधलं ते सांगायला लागले, की हा माणूस आवरतोय थोडाच! चौकटीच्या लाकडापर्यंत येईस्तोवर भरती आली. टेप धरणारा शिपाई पोटरीभर पाण्यात, आणि साहेबांनी काढून ठेवलेले बूट निघाले फिरायला. बाबा विजार वर करून त्यांच्यामागे. मी हसू दाबायला शेडमध्ये पळाले.

साहेब भला माणूस. ओल्या मोज्यांनिशी त्यांनी समजावलं, की जुन्या जोत्यावर बांधता येईल, पण राहत्या माणसांपुरतंच. म्हणजे पाण्याकडची तुझी खोली गेली. मी आम्ही दोघंच असं म्हणणार, तेवढ्यात बाबांनी ठणकावून सांगितलं, की आम्ही तिघं, मुलगा इथेच असतो, जरा बाहेर गेलाय.

मी बघतच राहिले. नको असलेला पाहुणा आला तरी 'घरी नाहीत' एवढंसुद्धा यांनी मला कधी म्हणू दिलं नाही! शिवाय तू होड्यांची दुरुस्ती सोडून स्वयंपाकी झालास, तेव्हापासून घरात तुझं नाव काढायचं नाही, हा हुकूम यांचाच. साहेब पुन्हा आले तेव्हा तू आंघोळीला गेला होतास. त्यानंतर न्हाव्याकडे. झोपतो कुठे असं त्यांनी विचारलं, तर दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये तिसरी खाट आली. आता मला चालायला जागा नाही, आणि त्या खाटेवर धुतलेले कपडेही ठेवू देत नाहीत. पोराची जागा आहे, म्हणतात.

बुधवारी साहेब शेवटचे येताहेत, तुला पाहिल्याशिवाय सही करणार नाहीत. तुला बोलवा म्हटलं तर यांची जीभ रेटत नाही, साहेबांपुढे मात्र चुरुचुरु चालते. तू मंगळवारीच ये. साहेब गेले की बाबा म्हणतील, झालं काम, आता जा. तू खुशाल आडवा हो. मला तुझी फार आठवण येते रे, खोली मिळो न मिळो. तुझे बाबा जन्मात पहिल्यांदा खोटं बोललेत, ते खरं करणं तुझ्या हातात आहे.

तुझीच,
आई