रिकामा चाप

१५ नोव्हेंबर, भाऊबीज. लोणी काळभोर.

आज आबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ताटं वाढलेली, चुलते, आत्या, जयसिंग, सगळे बसलेले. म्हणाले, जमीन जयसिंगला गेली, बंगलाबी त्यालाच जाणार, मग ह्या घरातलं पोरीच्या नावावर काय? रायफल शालूची, म्हणजे माझी. चुलते म्हणाले, हिंदुराव, पोरगी काय रानडुकरं मारती का आता? आबा म्हणाले, मारंल न्हाईतर पुसून ठिवंल, तिची ती बघंल.

जयसिंगचा घास हातातच राहिला. माझा धाकटा भाऊ. दर खंडेनवमीला रायफल खांद्यावर घेऊन फोटो काढतो आणि पुढे वर्षभर तोच डीपी.

मला जमिनीचं काही वाटत नाही. नुसतं नोंद म्हणून लिहिलं.

आबांची सत्तरी उलटली, म्हणून लायसन आता वारसाच्या नावावर करता येतं. त्याआधी वारसाने शूटिंग रेंजवर सेफ्टीचा कोर्स करायचा, गोळ्या झाडून दाखवायच्या, सर्टिफिकेट घ्यायचं. कोर्स ७ जानेवारीला आहे. भरपूर वेळ.

संकल्प: दर रविवारी लोणीला येऊन प्रॅक्टिस. डिसेंबरच्या मध्यापर्यंत तयारी पूर्ण. उरलेला वेळ उजळणीला.

१९ नोव्हेंबर, रविवार. लोणी.

पहिली प्रॅक्टिस. आबांनी बोल्ट, म्हणजे मागची सरकती कडी, उघडून आत बोट घालून दाखवलं, रिकामी आहे. मग म्हणाले, समोरच्या टाकीवरचा डाग धर, श्वास सोड आन चाप ओढ. असं रोज केलं की हात बसतो.

मी ओढला नाही. कारण आहे. लहानपणी घरी बारा बोअरची एकनळी होती. तिचा चाप मी रिकामाच ओढला तेव्हा ह्याच आबांनी कान पिरगळला होता. आत काडतूस नसताना चाप ओढायचा न्हाई, पिन मरती. अक्षरं शिकायच्या आधी मी हे शिकले.

तसं आज त्यांना सांगितलं. म्हणाले, ती जुनी एकनळी होती. ही तीनशेपंधरा बोअरची रायफल हाय. हिची पिन काडतुसाच्या बुडाला मधोमध टोला देती. काडतूस नसलं तर मोकळ्यात जाती आन आपली आपण थांबती. बावीस बोअर रिकामी ओढू नये, तिचा टोला कडंला बसतो, लोखंडावर लोखंड. हिला काय हुत न्हाई.

मी विचारलं, नक्की? म्हणाले, तीस वर्षं ओढतोय. मी म्हटलं, पण तीस वर्षांत कुणी पिन काढून तपासली का?

आबा उठून चहा प्यायला गेले.

आज रायफल उचलणे आणि खाली ठेवणे ह्याचा सराव केला. ह्यात मी चांगली आहे.

२२ नोव्हेंबर. नारायण पेठ, रूमवर.

नेटवर बघितलं. सगळीकडे एकच उत्तर. सेंटरफायर, म्हणजे मधोमध टोल्याची, रायफल रिकामी ओढलेली जनरली सेफ. जनरली! जनरली म्हणजे कधीतरी नाही. ती कधीतरीवाली रायफल आपलीच नसेल कशावरून?

मी सदाशिव पेठेत एका डेंटल क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. आमच्या हेमा मॅडमना सहज विचारलं, की एखादी वस्तू रिकामी वापरली तर झिजते का. मॅडम म्हणाल्या, डोकं सोडून बाकी सगळं झिजतं. आता सक्शन धर.

२६ नोव्हेंबर, रविवार. लोणी.

ओढला. एकदाच. आबा समोर, बोल्ट दोनदा तपासून, नळी टाकीकडे.

टक् असा आवाज झाला. बारीक, कोरडा. आत काहीतरी तुटल्यासारखा. जयसिंग ओट्यावर बसून बघत होता. म्हणाला, ताई, रिकामी हाय ती, डोळं कशापायी मिटलंस? मी एकाग्रतेसाठी मिटले होते. त्याला ह्या गोष्टी कळणार नाहीत.

आता प्रश्न असा की पिन तुटली का. आबा म्हणाले, परत ओढून बघ. म्हणजे पिन शाबूत आहे का बघायला पुन्हा पिन मोडायची! हे कुणाच्याच लक्षात येत नाही, ह्याचं आश्चर्य वाटतं.

रायफल पुसून ठेवली. घरात एकच वस्तू माझी म्हणून मिळाली आणि तिला मी पहिल्याच महिन्यात इजा केली असेल, तर काय तोंड दाखवू. जेवण गेलं नाही. आईला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं.

१ डिसेंबर.

रेंजवरच्या अनंत सरांना फोन केला. कोर्स तेच घेतात. माझी बाजू नीट मांडली. सर म्हणाले, सेंटरफायरला सहसा काही होत नाही, रिकामा चाप ओढायची ड्राय प्रॅक्टिस रोज करत जा. मी म्हटलं, सहसा? सर म्हणाले, मॅडम, लग्न जमवताय का रायफल चालवताय? मी नम्रपणे विचारलं, की हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्याल का.

त्यांनी अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे हो, की बास?

३ डिसेंबर, रविवार.

लोणीला गेले नाही. विचार केला. विचार हीसुद्धा तयारीच.

उपाय सापडला. पिनच्या पुढे काहीतरी मऊ असलं की तिला धक्का बसणार नाही. बिनदारूचं डमी काडतूस विकत मिळतं म्हणे, पण परक्या कंपनीवर विश्वास कसा ठेवायचा? आमच्या क्लिनिकमध्ये दातांचं माप घ्यायची सिलिकॉन पुट्टी असते. मळली की मऊ, काही मिनिटांत रबरासारखी घट्ट. माणसाच्या तोंडाला चालते तर रायफलला का नाही?

मॅडमच्या परवानगीने थोडी घेतली. कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१० डिसेंबर, रविवार. लोणी.

पुट्टी मळली, काडतूस बसतं तिथे भरली, बोल्ट लावला आणि ती घट्ट व्हायची वाट बघितली. लायसनवाले आबा समोरच होते, म्हणजे कायद्याने सगळं बरोबर. ते झोपले होते, हा वेगळा भाग.

मग बोल्ट उघडला. पुट्टी बाहेर आली नाही. चमच्याने नाही, पक्कडीने नाही. बोल्ट परत लागेना. आईने विचारलं, काय करतीस गं? म्हटलं, मेंटेनन्स.

आबा उठले. बघितलं. नळीच्या तोंडाकडून सफाईची कांडी घातली आणि हळूहळू ठोकून पुट्टी मागे काढली. तेवढा वेळ मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी होते. रायफल हातात येण्याआधीच गेली, असं वाटत होतं. गेली नाही. आबांनी फडकं मारलं, बोल्ट मागेपुढे केला, आणि रिकामा चाप ओढून दाखवला. टक्. टक्. टक्. त्यांना काहीच कसं वाटत नाही?

जयसिंगने स्टेटस टाकलं: ताईने रायफलची दाढ काढली. तालुक्यातल्या सगळ्या पाहुण्यांनी बघितलं.

११ डिसेंबर.

तो पुट्टीचा गोळा मॅडमना दाखवला, खरं ते सांगावं म्हणून. मॅडमनी उजेडात धरून फिरवून बघितला. म्हणाल्या, शालू, तू इथे आल्यापासून घेतलेलं हे पहिलं स्वच्छ माप.

१७ डिसेंबर, रविवार.

गेले नाही. थंडी. शिवाय सोमवारी क्लिनिक लवकर.

आबांचा फोन. म्हणाले, नुसतं येऊन जरा चाप ओढत बसायचं हाय, त्याला एवढं काय? मोडली तर माझी मोडंल. मी म्हटलं, मी थिअरी करतेय. ते खरं आहे. सेफ्टीचे नियम तोंडपाठ आहेत. नळी कधीही माणसाकडे नाही. बोट चापापासून लांब. रायफल नेहमी भरलेली समजायची.

ह्या शेवटच्या नियमाचा मी फार विचार करते. नेहमी भरलेली समजायची, तर रिकामी म्हणून चाप ओढायचा कसा? नियम पाळणारी मी एकटीच दिसते.

२४ डिसेंबर, रविवार. लोणी.

आज आबांनी सरळच विचारलं. अंगणात दोघंच होतो. म्हणाले, शालू, तुला आवाजाची भीती वाटती का?

मला हसू आलं. फटाके मी प्रदूषणामुळे उडवत नाही. लग्नात डीजेपासून लांब बसते ते कानांच्या आरोग्यासाठी. जयसिंगच्या वरातीत मी घरात थांबले होते, कारण दागिन्यांपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं. एकेक गोष्ट समजावून सांगितली.

आबा म्हणाले, बरं. आणि टाकीकडे बघत बसले.

प्रॅक्टिस राहून गेली. पण बोलणं झालं हे चांगलं.

३१ डिसेंबर, रविवार.

जयसिंगने कोर्सला नाव दिलं. म्हणतो, ताईला सोबत. सोबत! मला कळत नाही का. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून टक् टक् करतो, असं आई म्हणाली. माझ्या रायफलीवर. पिनचं काय होत असेल.

रात्रभर झोप नाही. हे पण गेलं तर त्या घरात माझं म्हणून काय राहतं? पाहुणी म्हणून चहा.

अंतिम निर्णय: रिकामी प्रॅक्टिस म्हणजे खोटी प्रॅक्टिस. खरं शिक्षण खऱ्या गोळीनेच होतं. म्हणून ७ तारखेपर्यंत रायफलला हात लावायचा नाही. ताजी जाईन. मन शांत आहे. ॲसिडिटीची गोळी घेतली.

७ जानेवारी, रविवार. सकाळी.

निघालो. आबा, जयसिंग, मी, रायफल. डबा घेतलाय. आत्मविश्वास पूर्ण.

७ जानेवारी. संध्याकाळी.

जसं झालं तसं लिहिते.

थिअरीत मी पहिली. अनंत सर सगळ्यांना म्हणाले, नियम असे पाठ पाहिजेत. आबांनी मान हलवली. मग वाळूच्या पोत्यांमागे पालथं झोपायचं, समोर टार्गेट. सर स्वतः काडतूस भरून रायफल हातात देत होते.

पहिली गोळी. आवाज झाला एवढं आठवतं. गोळी कुठे गेली ते सरांनाही सापडलं नाही. दुसरी गोळी. खांदा बधिर. तरी मी उठले नाही, हे इथे लिहून ठेवायला हवं.

तिसऱ्या वेळी नुसतं टक्.

मला लगेच कळलं. रायफल नियमाप्रमाणे खाली ठेवली, नळी पुढे. उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पिन मोडली. मीच मोडली. २६ नोव्हेंबरला रिकामा चाप ओढला होता, आबांना सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. हे बोलताना रडू आलं. पण खरं लिहायचं तर हलकंही वाटलं. म्हटलं, चला, आता पुढची गोळी नाही.

सरांनी बोल्ट उघडला. आतून काडतूस काढून माझ्या हातावर ठेवलं. डमी होतं. म्हणाले, हे मी प्रत्येकाला न सांगता एकदा देतो. रायफल ठणठणीत आहे मॅडम. तिला काही झालेलं नाही. पण आवाज यायच्या आधीच तुम्ही दचकलात. नळी वीतभर खाली गेली. खरी गोळी असती तर मातीत. ड्राय प्रॅक्टिस ह्याच्यासाठीच असते. ती रायफलीची परीक्षा नसते, आपली असते.

जयसिंगने व्हिडिओ काढला होता. दाखव म्हटलं तर नको म्हणाला. मी हट्ट केला. त्यात मी डोळे गच्च मिटून, मान खांद्यांत घालून पडले आहे, थोबाडीत बसणार असल्यासारखी. आणि चाप अजून ओढलेलाही नाही.

जयसिंगने तो स्टेटसला टाकला नाही. माझ्यासमोर डिलीट केला. म्हणाला, ऱ्हाऊ दे ताई. ह्याचंच जास्त लागलं.

त्याच्या वेळी डमी आलं तेव्हा नळी तसूभर हलली नाही.

परत येताना हडपसरच्या सिग्नलला आबा पहिल्यांदा बोलले. पुढे बघत बोलले. म्हणाले, भ्या वाटतंय म्हणली असतीस तर मी हळूहळू काढलं असतं. वरीसभर थांबलो असतो. तू नुसतं पिन पिन करत बसलीस.

सिग्नल सुटला.

१० जानेवारी.

सरांचा फोन. दोन महिन्यांनी परत या, सर्टिफिकेटचं बघू. रोज थोडा वेळ रिकामी ओढा. आबासुद्धा थांबायला तयार आहेत.

नवा संकल्प: रोज. अगदी रोज. रविवारपासून.

१४ जानेवारी, रविवार.

उद्या संक्रांत. तिळगूळ करायचा होता.

२१ जानेवारी, रविवार.

दिवसभर रूमवर शांतपणे विचार केला. रायफल अशी वस्तू आहे की ती वापरात राहिली पाहिजे. वापर नसला की गंज धरतो, ते पिनलाही वाईट. मी आठवड्यातून एकदा जाणार, जयसिंग रोज घरात. रायफलीच्या दृष्टीने बघितलं तर उत्तर सरळ आहे. आपला हट्ट बाजूला ठेवून वस्तूचं हित बघायला मोठं मन लागतं.

आबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, तूच म्हणतीस ना हे? मी म्हटलं, हो. म्हणाले, बरं.

२ फेब्रुवारी. नारायण पेठ.

आज जयसिंगबरोबर नोटरीकडे गेले. लायसन त्याच्या नावावर होण्याला बहिणीची हरकत नाही, असं लिहून द्यावं लागतं. जयसिंग सारखा विचारत होता, ताई, नक्की ना? अजून दोन महिनं थांबू की. त्याला म्हटलं, तू गप्प बस, पुढे बघ.

नोटरी म्हणाले, ताई, वाचून घ्या. मी दोनदा वाचलं. रायफलच्या नंबरात एक आकडा चुकला होता. मी तो दाखवला, पान परत टाइप करायला लावलं. नोटरी म्हणाले, तुमच्याएवढ्या काळजीने इथे कुणी वाचत नाही.

मग सही केली. इतकी सरळ सही माझी कधी आली नव्हती. हात जरासुद्धा हलला नाही. हे आबांनी बघायला हवं होतं.